तिकडे बोललात, आता पेणमध्येही बोला!

२०२५ च्या मे महिन्याचे शेवटचे दिवस. रामवाडीत काकांच्या गणपतीच्या कारखान्यात नुसती धांदल होती. परदेशी जाणाऱ्या मूर्ती आधीच रवाना झालेल्या, आता मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी. एका कोपऱ्यात आखणी करणारा दादा श्वास रोखून बाप्पाचे डोळे रेखत होता. दुसऱ्या कोपऱ्यात मी, माझा चुलतभाऊ आणि कारखान्यातली दोन-तीन पोरं एकाच मोबाइलवर डोकी घालून बसलो होतो.

मोबाइलवर रील्स. एकात असदुद्दीन ओवैसी कुवेतमध्ये पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांची खिल्ली उडवतायत. चीनच्या जुन्या सरावाचा फोटो स्वतःच्या विजयाचा म्हणून भेट देतात, अहो नकलेलाही अक्कल लागते! दुसऱ्यात शशी थरूर कोलंबियात, त्याच देशाच्या जमिनीवर उभं राहून, त्या देशाच्या निवेदनाबद्दल नाराजी बोलून दाखवतायत. मग आपल्या सुप्रिया सुळे, भाजपच्या खासदारांना सोबत घेऊन परदेशी नेत्यांसमोर भारताची बाजू मांडताना. खाली कमेंट्सचा पाऊस. त्यात परदेशी नावंही बरीच. आमच्याकडेही असं सरळ बोलणारं कोणी हवं होतं, अशा अर्थाचं लिहिणारी.

आमची छाती फुगलेली. तेवढ्यात चुलतभाऊ म्हणाला, "हे लोक इकडे असं का नाही बोलत?"

आणि काकांनी, रंगाचा डबा ढवळता ढवळता, मान वर न करता विचारलं, "पण गो बाय, बोटीचं कोणी इचारलं का?"

हे दोन प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत. हा लेख त्या दोन प्रश्नांचाच आहे.

आधी थोडी उजळणी

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला दहशतवादी हल्ला झाला, २६ जणांचा जीव गेला. त्यात सहा जण महाराष्ट्रातले होते, एक तर आपल्या रायगडातले, पनवेलचे. ७ मेला 'ऑपरेशन सिंदूर' झालं, १० मेला गोळीबार थांबला. त्यानंतर केंद्र सरकारने जगाला आपली बाजू सांगायला सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं तीसहून जास्त देशांत पाठवली. सातपैकी तिघांचं नेतृत्व विरोधी पक्षांच्या खासदारांकडे होतं. काँग्रेसचे थरूर, द्रमुकच्या कनिमोळी आणि बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे. सुळे यांचं शिष्टमंडळ कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्तला गेलं. त्यात भाजपचे अनुराग ठाकूर आणि राजीव प्रताप रुडी होते, तसे काँग्रेसचे मनीष तिवारी आणि आनंद शर्माही होते. म्हणजे लोकसभेत एकमेकांवर तुटून पडणारी माणसं एका टेबलाच्या एकाच बाजूला!

कोलंबियाने पाकिस्तानातल्या मृतांबद्दल शोक व्यक्त करणारं निवेदन काढलं होतं. थरूर यांनी बोगोटात उघडपणे खंत व्यक्त केली, आणि कोलंबियाने ते निवेदन मागे घेतलं. स्पेनमध्ये कनिमोळींना कोणीतरी विचारलं, भारताची राष्ट्रभाषा कोणती? त्या म्हणाल्या, विविधतेतली एकता. प्रश्न अवघड होता, उत्तर सरळ होतं, आणि टाळ्या पडल्या.

का आवडले?

मला वाटतं, परदेशी प्रेक्षकांना हे नेते आवडले याची दोन कारणं आहेत आणि 'फाडफाड इंग्रजी' हे त्यातलं नाही. इंग्रजी चांगलं असलं की आपण अर्धे तिथेच विरघळतो, हा आपला प्रॉब्लेम आहे, त्यांचा नाही.

पहिलं कारण, ते विरोधक आहेत. साधी गोष्ट आहे. दुकानदार स्वतःच्या मालाला चांगलं म्हणतो तेव्हा आपण मान डोलावतो आणि पुढच्या दुकानात जातो. पण त्याच्याशी रोज भांडणारा शेजारी म्हणाला, 'बाकी काही असो, माल चोख आहे,' तर आपण थांबतो. सरकारचा मंत्री सरकारची बाजू मांडणारच. पण जो माणूस घरी सरकारला धारेवर धरतो, तोच बाहेर म्हणतो की या मुद्द्यावर आम्ही एक आहोत, तेव्हा त्या शब्दाला वजन येतं.

हे काही २०२५ मध्ये सुचलेलं नाही. १९९४ ला जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगासमोर काश्मीरवरून भारताविरुद्ध ठराव येणार होता. पंतप्रधान होते नरसिंह राव. हो, आपल्या रामटेकमधून दोनदा लोकसभेत गेलेले, मराठी उत्तम येणारे राव. त्यांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व कोणाला दिलं? लोकसभेतले विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना. शेवटी पाकिस्तानला तो ठराव मागे घ्यावा लागला. सगळं श्रेय एकट्या वाजपेयींचं नव्हतं. पडद्यामागे इराण आणि चीनने पाकिस्तानला साथ दिली नाही हेही होतं. पण विरोधी पक्षनेताच भारताच्या खुर्चीत बसलाय, हे दृश्य जगाने पाहिलं.

आता यातली गंमत लक्षात घ्या. त्या शब्दाला वजन कशामुळे आलं? वाजपेयी घरी रावांवर टीका करत होते म्हणून. घरी जर ते गप्प असते, किंवा त्यांना गप्प बसवलं असतं, तर जिनिव्हात त्यांच्या बोलण्याला काय किंमत होती? हुकूमशाही देशांनाही 'आमचं सगळ्यांचं एकमत आहे' म्हणता येतं. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, एवढंच.

दुसरं कारण, तिकडे त्यांना प्रश्न विचारले जातात. परदेशी अभ्यासगटांच्या बैठकीत किंवा लांबलचक मुलाखतीत समोरचा तयारी करून आलेला असतो. तो अर्धा तास देतो. मध्येच अडवतो, 'पण मागच्या वर्षी तर तुम्ही वेगळं म्हणाला होतात.' उत्तर देणाऱ्याला विचार करावाच लागतो. आणि आपल्याकडे? मी वर्तमानपत्रात इंटर्न आहे, तर आमच्या धंद्याबद्दलच बोलते. गाडीतून उतरणाऱ्या नेत्यासमोर दहा माईक एकदम पुढे जातात, सगळे एकदम ओरडतात, आणि वीस सेकंदांचा बाईट मिळतो. वीस सेकंदांत भू-राजकारण होत नाही. वीस सेकंदांत फक्त टोमणा होतो.

थोडं पाणी ओतू या

छाती फुगवण्याआधी एक कबुलीही देऊन टाकते. ती रील्स आम्ही पाहिली तेव्हा मूळ भाषण आमच्यापैकी कोणीही पूर्ण ऐकलेलं नव्हतं. चाळीस सेकंदांत दिसतो तो स्पष्टवक्तेपणा की फक्त एडिटिंग, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय या शिष्टमंडळांना निघण्याआधी परराष्ट्र खात्याने माहिती देऊन तयार केलं होतं. पाकिस्तानबद्दल परखड बोलणं हे त्यांचं ठरलेलं काम होतं. त्यांनी ते झकास केलं. पण दुसऱ्याच्या चुका परखडपणे सांगणं ही सोपी परीक्षा असते. अवघड परीक्षा असते स्वतःच्या लोकांसमोर त्यांना न आवडणारं बोलण्याची.

त्या परीक्षेचं एक उदाहरण मला आवडतं आणि ते फारसं व्हायरल झालं नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत रायसीना संवादात थरूर यांनी कबूल केलं की, २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धावरच्या भारताच्या भूमिकेवर आपण टीका केली होती, आणि आता आपलीच फजिती झाली आहे. त्या धोरणामुळेच भारताचे पंतप्रधान थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन्ही देशांच्या अध्यक्षांना भेटू शकतात, असं ते म्हणाले. विरोधी पक्षातला माणूस, देशातल्याच मंचावर, कॅमेऱ्यासमोर म्हणतो, 'मी चुकलो.' त्यांच्याच पक्षाला ते आवडलं नसणार. माझ्या मते त्यांच्या सगळ्या परदेशी क्लिप्सपेक्षा हे जास्त परखड होतं.

आणि मग मौनव्रत

आता चुलतभावाच्या प्रश्नाकडे येते. इकडे का नाही बोलत?

२८ आणि २९ जुलैला लोकसभेत 'ऑपरेशन सिंदूर'वर चर्चा झाली. सुप्रियाताई बोलल्या. विरोधकांवर विश्वास टाकल्याबद्दल पंतप्रधानांचं त्यांनी कौतुक केलं आणि सत्ताधारी बाकांना उत्तरही दिलं. हे मला आवडलं. घरी आणि बाहेर माणूस एकच दिसला. पण ज्या थरूरांनी पाच देशांत भारताची बाजू मांडली, ते बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हते. मनीष तिवारीही नव्हते. संसदेच्या बाहेर पत्रकारांनी गाठलं तेव्हा थरूर इतकंच म्हणाले, "मौनव्रत, मौनव्रत."

ऐकून हसू आलं, मग वाईट वाटलं. बोगोटाने जे ऐकलं ते बोरीवलीने आणि बोर्लीने का ऐकू नये? लोकसभेत कोण बोलणार हे पक्ष ठरवतो. पक्षाची ठरलेली ओळ सोडून बोलणारा पक्षाला नको असतो. काँग्रेसने सरकारला दिलेल्या नावांत थरूर नव्हतेच, सरकारने त्यांना परस्पर निवडलं, त्यावरून रुसवे-फुगवे झाले, हेही खरं. पण दोष एकाच बाजूला टाकून मी मोकळी होणार नाही. सत्ताधारी बाकांवरूनही प्रश्न विचारणाऱ्याला 'पाकिस्तानची भाषा बोलता' असं ऐकवलं जातं. म्हणजे बघा, परदेशात विरोधक म्हणजे आपल्या लोकशाहीचा पुरावा, आणि घरी परत आला की तोच देशद्रोही! आपण ज्या गोष्टीचा शोकेस करतो तीच घरी मोडून ठेवतो.

बोटीचं कोणी विचारलं का?

आता काकांचा प्रश्न. तो मला पहिल्यांदा कळलाच नव्हता. मग काकांनी समजावलं.

पेणचा बाप्पा परदेशी जातो तो बोटीने. आपल्याच जिल्ह्यात, उरणला, न्हावाशेवा बंदरातून कंटेनर निघतो. युरोप-अमेरिकेकडे जायचा जवळचा रस्ता लाल समुद्रातून, सुएझ कालव्यातून. पण २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. वळसा म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस जास्त. भाडं जास्त, विमा जास्त. बाकी मालाचं दोन आठवड्यांनी एवढं काही बिघडत नाही. पण बाप्पाची चतुर्थी पुढे ढकलता येत नाही! म्हणून मूर्ती आधी तयार करायची, आधी रंगवायची, आधी पाठवायची. म्हणजे कारखान्यात थंडीतच रात्रपाळ्या.

सुएझ कालवा आहे इजिप्तमध्ये. आपलं शिष्टमंडळ त्याच इजिप्तला जाऊन आलं. मग काकांनी 'बोटीचं विचारलं का' म्हणणं चुकीचं होतं का? शिष्टमंडळ दहशतवादावर बोलायला गेलं होतं, बोटींवर नाही, हे मला कळतं. पण परत आल्यावर तरी आपण त्यांना विचारलं का? नाही. आपण विचारलं, 'तुम्ही भाजपमध्ये जाणार का?'

जून महिन्यात इस्रायल-इराण युद्ध पेटलं. २३ जूनला इराणने कतारमधल्या अल उदेद तळावर क्षेपणास्त्रं सोडली. ज्या दोह्यात महिनाभरापूर्वी आपले खासदार बसले होते, त्याच दोह्याच्या आकाशात! म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडच्या किती घरांतलं माणूस आखातात आहे, हे रायगडात राहणाऱ्याला सांगायला नको. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा भाऊ दोह्यात आहे. त्या रात्री तिचा फोन कानापासून हलला नाही. तिच्यासाठी भू-राजकारण म्हणजे 'ऑनलाइन' दिसतोय की नाही, एवढंच होतं.

आणि मग २७ ऑगस्ट. आपल्याकडे गणेश चतुर्थी. त्याच दिवशी अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कारण, आपण रशियाचं तेल घेतो. आमच्या घरी आरती चालू होती आणि काका मोबाइलवर बातमी वाचत होते. पुढच्या वर्षी तिकडच्या मंडळांनी ऑर्डर कमी केली तर? हा प्रश्न वॉशिंग्टनचा, मॉस्कोचा, दिल्लीचा आहेच. पण तो रामवाडीचाही आहे.

माझी फजिती

म्हणून मी एकदा धीर केला. एका राजकीय सभेनंतर (नेता कोण, पक्ष कोणता, ते महत्त्वाचं नाही, कुठल्याही पक्षात हेच झालं असतं) मी पुढे जाऊन विचारलं, "साहेब, अमेरिकेच्या टॅरिफचा आपल्या भागातल्या मूर्तिकारांवर परिणाम होईल, त्यावर तुमच्या पक्षाची भूमिका काय?"

साहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "ताई, ते मोठ्या लोकांचे विषय. तुम्ही रस्त्याचं विचारा." आजूबाजूचे कार्यकर्ते हसले. मीही हसले, हे सांगायला लाज वाटते. मुंबई-गोवा महामार्गाचा प्रश्न विचारला असता तरी काय मिळालं असतं म्हणा, त्याचं उत्तर तर रामवाडीच्या एसटी स्टँडवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे!

पण चूक एकट्या साहेबांची नव्हती. माझ्याकडे दुसरा प्रश्न तयार नव्हता. 'मोठ्या लोकांचे विषय' म्हणजे कोणाचे? किती कारखाने, किती कामगार, किती मूर्ती बाहेर जातात? आकडे माझ्याजवळ नव्हते. आकडे असते तर ते हसून सुटले नसते. परदेशी मुलाखतकार आणि माझ्यात फरक इंग्रजीचा नाही, गृहपाठाचा आहे.

कोकणाला हे नवीन नाही

कोणी म्हणेल, खेड्यापाड्यातल्या मतदाराला आंतरराष्ट्रीय राजकारणात काय रस? मला हे पटत नाही. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ असे सलग तीनदा निवडून आले. तेही विरोधी पक्षातून, प्रजा समाजवादी पक्षातून. समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष होते, जगभरच्या तरुणांसमोर बोलत होते. आणि तेच नाथ पै कोकणातल्या गावागावांत बोलायचे. तेव्हा ना रील होतं ना सबटायटल. लोक चालत यायचे आणि तासन्‌तास ऐकायचे. त्या लोकांना 'ते मोठ्यांचे विषय' असं कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्या रायगडाचंच बघा. नाते गावी जन्मलेले, रोह्याशी नातं असलेले चिंतामणराव देशमुख. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनकडे आपलं जे येणं साचलं होतं, त्याचा विषय भारताने तिथे, ब्रिटिशांचं राज्य असताना, काढला होता. पुढे ते नेहरूंचे अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये याच कुलाबा जिल्ह्यातून निवडून गेले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंशीच मतभेद झाल्यावर राजीनामा देऊन बाहेर पडले. ते विरोधक नव्हते, मंत्री होते. पण बाहेर जसे बोलले तसेच घरी बोलले. मुद्दा तोच आहे.

मग आपण काय करायचं?

'घरातलं भांडण बाहेर नको' हे मला मान्य आहे. परदेशात गेल्यावर देश एक दिसावा, यात काही गैर नाही. पण त्याची दुसरी बाजूही मान्य करा ना. घरातलं भांडण घरात तरी होऊ द्या! ते इथेही नको आणि तिथेही नको, तर मग करायचं कुठे?

आपल्यापुरतं मला एवढं सुचतं. एक, क्लिप फॉरवर्ड करण्याआधी मूळ भाषण ऐकू या. संसदेतल्या चर्चा पूर्ण पाहता येतात, फुकट. बोर होतं हे खरं, पण दीड पटीने पळवता येतं की! दोन, कॉलेजात पाहुणा म्हणून खासदार-आमदार आले की हारतुऱ्यांचा वेळ कमी करून प्रश्नांना वीस मिनिटं मागू या. तीन, प्रश्न आपल्या गावातून सुरू करू या. लाल समुद्र म्हणजे पेणचा कंटेनर. दोहा म्हणजे म्हसळ्याचा मुलगा. टॅरिफ म्हणजे काकांची पुढच्या वर्षीची ऑर्डर. असं विचारलं की 'मोठ्यांचे विषय' म्हणून कोणाला सटकता येत नाही.

आणि विरोधी पक्षातल्या नेत्यांना एक विनंती. तुम्ही तिकडे छान बोललात. खरंच अभिमान वाटला. पण ते परदेशी प्रेक्षक तुम्हाला मत देणार नाहीत. आम्ही देणार आहोत. सरकारचं काय बरोबर आणि काय चूक, तुमचं स्वतःचं काय चुकलं, रशियाचं तेल घ्यावं की नाही, अमेरिकेला काय उत्तर द्यावं, हे आम्हाला मराठीत, अर्धा तास, प्रश्नोत्तरांसह सांगा. आवडलं नाही तर आम्ही भांडू. पण ऐकू नक्की.

माझं म्हणाल तर, काकांच्या कारखान्यात बसून मी वहीत आकडे लिहायला घेतलेत. आमच्या गल्लीतले कारखाने झाले, आता हमरापूर आणि जोह्याकडे जायचंय. पुढच्या सभेला वही सोबत असेल. साहेब पुन्हा 'ताई, रस्त्याचं विचारा' म्हणाले, तर म्हणेन, रस्त्याचंच विचारतेय साहेब. सुएझवरून जाणारा.